'मस्ट' आणि 'बी' यांच्यामधली जागा

मित्रांनो, मी फळांच्या शीतगृहातली एक जुनी पत्र्याची पाटी आहे. उभ्या जन्मात मी एकच वाक्य बोलले, आणि तेही उलटे. त्यापायी एका बाईच्या जिवावर बेतले. ते कसे घडले, ते आज सांगते.

आमच्या शीतगृहात बारा गावची माणसे कामाला होती. एकाची भाषा दुसऱ्याला धड कळत नसे, म्हणून साऱ्या पाट्या इंग्रजीत लिहायच्या असे ठरले. तीन नंबरच्या खोलीत नासपतीच्या पेट्या असत. त्या खोलीच्या दाराला आतून ढकलायची मूठ होती. पण बाहेरच्या कडीला कुलूप घातले की ती मूठ निकामी होई. म्हणून कार्यालयातल्या टायपिस्टबाईंनी चिठ्ठी लिहिली, 'धिस डोअर मस्ट नेव्हर बी लॉक्ड.' या दाराला कधीही कुलूप लावायचे नाही. लिहिताना घाईत 'नेव्हर' राहून गेला होता. मग बाईंनी 'मस्ट' आणि 'बी' यांच्यामध्ये एक बारीक खूण केली आणि तो शब्द ओळीच्या वर लिहिला.

मला रंगवणारे रंगारीकाका अक्षरांचे राजे होते. इंग्रजीचा मात्र त्यांना गंध नव्हता. वर लिहिलेला शब्द म्हणजे खाडाखोड असेल, असे समजून त्यांनी तो सोडून दिला. पांढऱ्या अंगावर टपोरी लाल अक्षरे उमटली. मी आरशात न पाहताच सुखावले.

टायपिस्टबाई आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अहो काका, नेव्हर कुठाय?"

"तो होय? आता रंग वाळला. खाली टाकतो की. शब्द आल्याशी मतलब."

"नाही हो काका! मस्ट पुढे, बी लॉक्ड मागे, आणि नेव्हर त्यांच्या मध्ये. तीच त्याची जागा. तो एक शब्द गेला तर सगळं वाक्य उलटं होतं."

तेवढ्यात व्यवस्थापकसाहेब तिथून चालले होते. त्यांनी मान वाकडी करून मला पाहिले. "चालेल हो, बाई. वाचणारा घेईल समजून. माल यायची वेळ झालीय."

काकांनी माझ्या अगदी तळाशी, काठाला चिकटून, 'नेव्हर' लिहिला. जागा अपुरी होती, म्हणून अक्षरे बारीक झाली. मग चार स्क्रू पिळून मला दारावर बसवले.

पहिली काही वर्षे मानाची गेली. तपासणीला आलेले पाहुणे म्हणत, "वा, काय सुरेख अक्षर!" तिथली जुनी माणसे मला वाचतच नसत, दाराला कुलूप लावायचे नाही हे त्यांना तोंडपाठ होते. पण पेट्यांच्या ढकलगाड्या जाता-येता माझ्या खालच्या काठाला धडकत. दाराच्या फटीतून गार पाणी झिरपे. तळाचा रंग पोपडे होऊन पडला, मग गंज चढला. एक दिवस 'नेव्हर' पुरता गेला. कुणाच्या लक्षातही आले नाही. खालचा एक स्क्रूही निखळला, तोही कुणी बसवला नाही. मला कळत होते, पण मी काय करणार? मला बोलता येत होते ते एवढेच, की या दाराला कुलूप लावलेच पाहिजे.

हळूहळू जुनी माणसे पांगली. नवा पहारेकरी आला. माणूस सरळ, कामाला चोख. सुटीच्या आदल्या दिवशी शीतगृह दुपारीच बंद होणार होते. तो एकेक दार पाहत माझ्यासमोर आला. बोट फिरवत त्याने वाचले, "धिस डोअर... मस्ट... बी लॉक्ड." मग कडीला लोंबणारे कुलूप पाहून स्वतःशीच म्हणाला, "लिहिलंय ढळढळीत, तरी उघडं ठेवतात. आंधळा कारभार!"

आणि त्याने कुलूप लावले.

मित्रांनो, त्या वेळी मावशी आत होत्या. सडकी फळे निवडून बाजूला काढणे हे त्यांचे काम. पेट्यांच्या शेवटच्या रांगेमागे त्या वाकलेल्या होत्या. थंडावा करणाऱ्या यंत्राच्या घरघरीत त्यांना कुलपाचा आवाज आला नाही. काम उरकून त्यांनी मूठ ढकलली. मूठ हलेना. त्यांनी खांदा लावला. मग हाका मारल्या. पण ते दार वीतभर जाडीचे. हाक माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तिची कुजबूज होई, आणि माझ्यापुढे ती कुणाला ऐकूच जात नसे.

माझ्या पाठीशी एक जीव 'उघडा' म्हणत होता आणि माझ्या तोंडावर 'कुलूप लावा' असे लिहिले होते. तासाभराने पहारेकरी पुन्हा फेरी मारत आला, कुलूप ओढून पाहिले आणि समाधानाने निघून गेला. मी चार ठिकाणी जखडलेली, आता तीन ठिकाणी. पण तोंडाला कुलूप तेच.

मावशींची सून तिथेच फळे बांधायच्या विभागात होती. सकाळी दोघींची खडाजंगी झालेली, त्यामुळे सासूबाई रागाने एकट्याच पुढे गेल्या असतील असे तिला वाटले. घरी जाऊन पाहते तर दाराला कुलूप. शेजारी विचारले, बस थांब्यावर पाहिले. मग ती तशीच माघारी पळत आली.

"आतमध्ये कुण्णी नाही, ताई," पहारेकरी म्हणाला. "मी स्वतः सगळं बंद केलंय."

"एकदा बघू तरी द्या, दादा. पाया पडते."

दोघे खोल्यांमधल्या बोळाने चालत माझ्यापाशी आले. आत मावशी रिकामी पेटी दारावर आपटत होत्या. हात बधिर झाले होते, ठोके मंदावले होते. पण त्या ठोक्यांनी माझा सुटलेला कोपरा दारावर वाजत होता. टक्. टक्.

सून थबकली. "हे काय वाजतंय?"

"ती पाटी हो. स्क्रू पडलाय. वाऱ्यानं हलते."

"चहूबाजूंनी बंद बोळात वारा कुठला आलाय, दादा? उघडा! आधी उघडा!"

पहारेकऱ्याने कुलपाला किल्ली लावली. दार उघडले. मावशींनी पेट्यांतला फळे गुंडाळायचा मऊ कागद लुगड्यात, बाह्यांत, डोक्याच्या फडक्यात कोंबला होता. ओठ निळे पडले होते. सुनेने मिठी मारली, तशा त्या दात वाजवत म्हणाल्या, "रडतेस काय? आधी च-चहा टाक. भांडण नंतर पुरं करू."

मग मात्र त्या स्वतःच हमसून रडल्या.

मावशी आठवडाभर दवाखान्यात होत्या. दोन बोटांची संवेदना परत आली नाही. चौकशीत पहारेकरी खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मी वाचलं तेच केलं." टायपिस्टबाईंचे केस आता पिकले होते. त्या उठून म्हणाल्या, "त्याचं काही चुकलं नाही. नेव्हर मध्ये असता तर पाटी अर्धी फुटेपर्यंत टिकला असता. शेपटाला टाकला, म्हणून गळून पडला. मला कळत होतं, आणि मी अडून बसले नाही."

दाराची कडीच कापून काढली गेली. नवी पाटी लागली, तिच्यावर बाईंनी स्वतः उभे राहून प्रत्येक शब्द जागच्या जागी लिहून घेतला. मला भंगारात टाकणार होते. पहारेकऱ्याने मागून घेतले. आता मी त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर टांगलेली आहे. इथेही मला तेच खोटे वाक्य बोलावे लागते. तो मात्र आता लिहिलेले वाचून थांबत नाही, दार ठोठावून आत कोण आहे ते विचारतो.

मित्रांनो, तुम्ही इंग्रजी शिकाल, 'मस्ट', 'कॅन', 'शुड' लिहाल. 'कधीच', 'नेहमी', 'फक्त' असे सांगणारे छोटे शब्द त्यांच्या आणि क्रियापदाच्या मध्ये बसवायला गुरुजी सांगतील, तेव्हा कंटाळू नका. आपण लिहितो त्या वाक्याच्या पलीकडे कुणीतरी दार उघडायची वाट पाहत आहे, असे समजून लिहा.