चढावर उभी गाडी

नोर्देन मिस्त्रीने एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी ओढून काढली, आत बोट घातलं आणि ते भूपालच्या डोळ्यांसमोर धरलं. पेरभर काळं, ओलं तेल.

"हवा जायच्या वाटेने तेल जातंय. धूर निघणार नाही तर काय?"

"सिलिगुडीत म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल."

"त्यांचं काय, दुसऱ्याचं इंजिन बघितलं की हात शिवशिवतात."

भूपाल मडगार्डला टेकून उभा राहिला. कालिम्पोंग ते सिलिगुडी जीपची दिवसाला एक फेरी, त्यावर घर चालायचं, आणि महिनाभर गाडी निळा धूर ओकत होती. तरी आज त्याचं निम्मं लक्ष भलतीकडेच होतं. आज पौर्णिमा. दसैंचा, म्हणजे इकडच्या दसऱ्याचा, टिळा थोरल्यांच्या हातून घ्यायचा तो आजपर्यंतच, आणि थोरल्या भावाची, पदमदाजूची, पायरी तो अजून चढला नव्हता. सकाळी किल्ली हातात देताना बायको एवढंच म्हणाली होती, "आजची संध्याकाळ गेली की वर्ष गेलं."

नोर्देनने इंजिन सुरू केलं. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं केलं आणि तिथेच नुसतं ठेवलं. दोघं वाकून बघत राहिले. झाकण जरा थरथरलं, पण जागचं हललं नाही.

"रिंगा गेल्या असत्या तर हे उडून तुझ्या नाकावर बसलं असतं. ठणठणीत आहेत. बंद कर, चहा होईपर्यंत तेल खाली उतरू दे."

गॅरेजची फरशी तेवढी सपाट होती. चहा आला तेव्हा नोर्देनने तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"अरे, किती ओतलंस?"

"लागेल तेवढंच. रोज सकाळी बघतो. कमी असतं म्हणून तर..." भूपालने आवाज खाली आणला. "रात्रीचं कोणीतरी काढतं. भदौ महिन्यात तूच तेल बदललंस ना, खुणेपर्यंत भरून दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बोटभर कमी."

कोणीतरी कोण, ते त्याने सांगितलं नाही. तेल बदलल्यानंतर चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तो गाडीपाशी गेला, तर बॉनेट उघडं आणि पट्टी पदमच्या हातात. सगळी गल्ली दात घासत उभी होती. "दाजू, तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, तेव्हापासूनची सवय का ही?" असं तो सगळ्यांसमोर बोलून गेला होता. पदमने पट्टी पुसली, जागेवर खोचली, बॉनेट लावलं आणि आत निघून गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

"गाडी कुठे लावतोस?" नोर्देनने विचारलं.

"खालची सपाट जागा या पावसाळ्यात दरडीत गेली. आता दाजूच्या घराजवळच्या चढावर."

"तोंड कुठे?"

"वर."

नोर्देनने आपला चहाचा पेला तिरका धरला. चहा एका कडेला गेला, दुसऱ्या कडेला काचेचा तळ उघडा पडला.

"तुझ्या गाडीची पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला. तोंड वर केलंस की तेल मागे जाणार. पट्टी कमीच दाखवणार. तू ओतत गेलास, इंजिनाला गळ्यापर्यंत झालं, मग ते नळीत ओकायला लागलं. चोर कसला घेऊन बसलास?"

भूपाल त्या पेल्याकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत त्याला लाज चढली. त्याचा स्वतःचा चहा तसाच निवला.

जास्तीचं तेल काढलं ते दोन लिटरवर भरलं. नळी पुसून परत बसवली, गाडी सुरू केली. आत उरलेलं जळेपर्यंत थोडा धूर येईल, नोर्देन म्हणाला. तेल टाकून देऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा भूपाल नको म्हणाला आणि डबा सीटखाली ठेवला.

उन्हं कलली तेव्हा तो डबा घेऊन पदमच्या दारात उभा होता. पदम ओसरीत बसला होता. पुढ्यात ताट, त्यात दह्यात कालवलेले लाल तांदूळ आणि जमराचे, घरात अंधारात उगवलेल्या जवाचे, पिवळे कोंब.

"दाजू, चढामुळे पट्टी..."

"ठाऊक आहे. खिडकीतून दिसायचास ना ओतताना. तुला सांगण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून पट्टी काढली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"चोराचं कोण ऐकतं?" पदम म्हणाला. मग हाताने गोणपाट सरळ केलं. "बस, कान्छा." धाकट्याला तो हीच हाक मारायचा. "मान वर कर."

थोरल्याने टिळा लावला. आशीर्वादाचे शब्द मध्येच अडले, ते त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटले. दह्याचा एक ओघळ भूपालच्या नाकावर आला, पण त्याने तो पुसला नाही.

निघताना त्याचं लक्ष अंगणाकडे गेलं. रस्त्यालगत लाकडांचा मोठा ढीग असायचा, तो भिंतीकडे हलवलेला होता. रिकाम्या सपाट जागेत गुडघाभर गवत वाढलं होतं.

"लाकडं कधी हलवलीत, भाउजू?"

भावजय ताट उचलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुमचं वाजलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. इथे जीप मावेल म्हणाले होते."