पहिला उपदेशक

"जरा वाका, मास्तरगारू," पाळक विक्टर म्हणाला. आशीर्वादम मास्तरांनी मान खाली घातली आणि झेंडूचा जाड हार त्यांच्या गळ्यात पडला. मांडवात टाळ्या वाजल्या. मास्तरांनी हसून हात जोडले आणि ते खुर्चीवर बसले.

चिंतलपाडूच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं झाली होती. प्रार्थनामंदिराच्या दाराशी काळ्या दगडाची नवी पाटी बसवली होती. तिच्यावर सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'प्रथम उपदेशक : जी. आशीर्वादम'. विक्टरला हे नाव गुंटूरच्या मिशन कचेरीत एका जुन्या नेमणूकपत्रावर सापडलं होतं. दोन बस बदलून तो मास्तरांच्या मुलाच्या घरी आला आणि त्यांच्या पाया पडला. "महारोग्यांच्या वस्तीत कुणी पाऊल टाकत नव्हतं, तेव्हा तुम्ही गेलात," तो म्हणाला. सूनबाई चहाचा ट्रे हातात धरून ऐकत राहिली. त्या घरात मास्तरांकडे इतक्या आदराने कुणी बघितल्याला कित्येक वर्षं झाली होती. 'मी गेलोच नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मास्तर म्हणाले, "चहा घ्या."

सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी तीन दिवस उपास करून देवाला विचारलं होतं, मी कुठे जाऊ? तिसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या मंदिरात गुडघे टेकलेले असताना उत्तर आलं. आवाज नव्हता, पण शंकेला जागाही नव्हती. नदीपलीकडे, चिंतलपाडूला. त्यांनी मिशनच्या साहेबांना होकार दिला, नेमणुकीचा कागद झाला, सामान पुढे गेलं. रविवारी ते एकटे काठावर आले. नाव पलीकडून यायची होती. पलीकडे एक बाई पाणी भरत होती. तिला बोटं नव्हती. दोन्ही मनगटांत घागर धरून तिने ती छातीशी ओढली, आणि अलीकडे उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघून हसली. नाव येईपर्यंत ते थांबले नाहीत.

साहेबांना त्यांनी बायकोच्या बाळंतपणाचं कारण सांगितलं. पुढे शहरातल्या शाळेत नोकरी लागली. देवाने त्यांना कसलीही शिक्षा केली नाही. मुलं झाली, पेन्शन मिळाली. लोक लग्नात, मयतीला त्यांनाच प्रार्थना करायला लावत, आणि ते इतकी सुंदर प्रार्थना करत की बायका डोळे पुसत. पण त्या सकाळसारखं उत्तर पुन्हा कधी आलं नाही. बायको गेली तेव्हा ते अख्खा दिवस गुडघ्यांवर होते. समोर नुसती भिंत होती.

भाषणं चालू असताना मांडवाच्या कडेने एक म्हातारी काठी टेकत आली आणि त्यांच्या खुर्चीशी येऊन टेकली.

"ओळखलं का, अय्यगारू? मी दीनम्मा. मिशनच्या होस्टेलात भात रांधायची. तुमची ट्रंक घेऊन पुढे आले होते बघा नावेतून."

"तू अजून इथेच?"

"जाते कुठे? त्या दिवशी सगळी तुमची वाट बघत बसली होती. ताडाच्या झावळ्यांचा मांडव घातला होता. ऊन चढलं, तुमचा पत्ता नाही. लोक म्हणायला लागले, आपल्याला बघून पळाला. मग मीच म्हटलं, तापाने फणफणलाय तो, पुढच्या रविवारी येईल. बायबल मला तोडकंमोडकं वाचता येत होतं, ते वाचलं. पुढच्या रविवारी पण तेच. मग माझाच पाय निघेना."

"दीनम्मा..."

"एक विचारू?" ती आणखी जवळ सरकली. "खरंच ताप होता ना तुम्हाला? मी देवाच्या मांडवात उभी राहून खोटं बोलले, म्हणून पन्नास वर्षं क्षमा मागतेय. ताप असला तर तेवढं ओझं उतरेल माझं."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तो असता तर मास्तरांनी सोसला असता. आपण पळालो त्याची आपल्या जिवाला काय किंमत पडली, हे त्यांनी आयुष्यभर मोजलं होतं. आपलं पाप दुसरंच कुणीतरी रोज गुडघे टेकून फेडत असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"ताप नव्हता," ते म्हणाले. "मी घाबरलो."

दीनम्मा पदराने तोंड पुसत राहिली.

विक्टरने माइक त्यांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला, मास्तरगारू. सुरुवातीचे दिवस सांगा."

"सुरुवातीचे दिवस मला माहीत नाहीत," मास्तर म्हणाले. मांडवात थोडं हसू उमटलं. "देवाने मला इथे यायला सांगितलं होतं. मी काठापर्यंत आलो, तुमच्यातल्या एका बाईचे हात बघितले आणि पळालो. आज पहिल्यांदा नदी ओलांडतोय. पाटीवरचं नाव खोटं आहे. मंडळी हिने उभी केली, या दीनम्माने. आणि माझ्यासाठी खोटं बोलायचं पापही हिच्याच डोक्यावर टाकलं मी."

कुणीतरी खोकलं. विक्टरचा चेहरा लाल झाला. त्याने हळूच माइक काढून घेतला आणि गायनमंडळाला खूण केली. पोरी एका सुरात गायला लागल्या, जरा घाईनेच.

जेवणाच्या वेळी मास्तरांना आत पाहुण्यांच्या टेबलावर बोलवायला कुणी आलं नाही. येऊही नये, असंच त्यांना वाटत होतं. सगळे समोर नजर ठेवून त्यांच्या शेजारून जात होते. शेवटी ते बाहेरच्या पंगतीत, टोकाला, एका म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले. केळीच्या पानावर भात आला, पप्पूचं घट्ट वरण आलं, अंबाडीचं लोणचं आलं.

म्हाताऱ्याने आपल्या पानाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. त्याच्या दोन्ही हातांना बोटं नव्हती.

"नातू वाढायला गेलाय," तो म्हणाला. "तेवढं कालवून देता का? भात गरम आहे, सावकाश."

मास्तरांनी बाह्या वर सारल्या आणि हात त्याच्या पानात घातला.