एका हाताने घालायचा ब्लाउज

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. माझ्या काचेला कोपऱ्यात भेग गेली आहे, पाठीला रबरबँड लावलेला आहे आणि जरा जास्त वेळ बोललं की मी तापतो. जुना मोबाईल असाच दिसणार. लाखनीला, महामार्गाच्या कडेला, उर्वशीताईंच्या शिलाईच्या दुकानात मी राहतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवतं ते जवाहरनगरमधलं एक क्वार्टर. तिथल्या साहेबांनी मला थोडे दिवस हौसेने मिरवलं. मग त्यांना नवा फोन मिळाला आणि मी जुन्या फोनच्या दुकानात धूळ खात पडलो. तिथून मला कुलदीपभाऊंनी उचललं. ते उर्वशीताईंचे यजमान. ट्रकचे पंक्चर काढतात.

"घे," ते ताईंना म्हणाले, "तुले व्हिडिओ काढाचे होते ना?"

त्या दिवशी माझ्या आयुष्याला खरं काम मिळालं. ताई धान मोजायच्या पायलीत तांदूळ भरायच्या, त्यात मला उभं रोवायच्या आणि माझ्यासमोर कापड कापायच्या. बाही कशी बसवायची, गळा कसा वळवायचा, सगळं सांगायच्या. मध्येच एखाद्या ट्रकने हॉर्न मारला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हळूहळू कुठल्या कुठल्या गावच्या बाया आमचे व्हिडिओ बघू लागल्या. "छान ताई", "मस्त ताई" अशा कमेंट आल्या की ताईंचा चेहरा खुलायचा, आणि खरं सांगतो, मीही सुखावायचो.

मग ताईंच्या मनात आलं, की ब्लाउजची पेपर कटिंग कॉम्प्युटरवर तयार करून चॅनलवरून विकावी. जिला हवी तिने ती उतरवून घ्यावी, गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढावी आणि कागदावरून कापड कापावं. त्यांनी मागच्या गळ्याच्या नक्षीदार डिझाइन निवडल्या. मोर, कमळ, झालर. सणाच्या तोंडावर ती कटिंग चॅनलवर ठेवली आणि दर थोड्या वेळाने मला हातात घेऊन बघत राहिल्या.

एकीनेही ती घेतली नाही.

ताईंनी मला पायलीतून काढून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. कितीतरी दिवस एकही व्हिडिओ निघाला नाही.

एका दुपारी वीज गेली. मशीनची मोटर बंद पडली, हातांना काम उरलं नाही. ताईंनी मला बाहेर काढलं आणि जुन्या कमेंट वाचायला घेतल्या. आजवर त्या फक्त कौतुक वाचायच्या. त्या दिवशी त्यांनी प्रश्नही वाचले. त्यातला एक आसगावच्या चंद्रकांता नावाच्या बाईचा होता. तो माझ्या पोटात किती दिवस तसाच पडून होता.

"ताई, माझ्या सासूबाईंना लकवा झाला आहे. डावा हात उचलत नाही. त्यांना एकटीने घालता येईल असा ब्लाउज शिवता येतो का?"

ताईंनी तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. वीज आल्यावर त्यांनी मला तांदळात रोवलं, पण कापड घेतलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तुमच्या घरी असं कोणी आहे का, जिले ब्लाउज घालताना त्रास होते? मले सांगा. काय अडते ते नीट सांगा."

मित्रांनो, त्यानंतर मला उसंत मिळाली नाही! कोणाचा खांदा आखडलेला. कोणाचं छातीचं ऑपरेशन झालेलं. कोणी हात मोडून प्लास्टरमध्ये. त्यातल्या पुष्कळ जणींनी एकच गोष्ट लिहिली होती, की हे आजवर आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

शेतातली धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपत आली होती तेव्हा ताई कुलदीपभाऊंच्या गाडीवर बसून आसगावला गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. चंद्रकांताबाईंच्या सासूबाई, केशरबाई, ओसरीवर गाऊन घालून आणि वरून दुपट्टा ओढून बसल्या होत्या. ताईंनी त्यांच्यापुढे नवा ब्लाउज ठेवला. डाव्या खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत तो पूर्ण उघडायचा, म्हणजे हात उचलायलाच नको.

केशरबाईंनी तो उजव्या हाताने उलटसुलट करून पाहिला.

"पुढून हुक कायले लावले वो बाई? एका हातानं हुक लागते का?"

"चुकलंच माह्यं, आजी," ताई खाली मांडी घालून बसल्या. "अजून काय अडते?"

"आंघोळ झाली का सुनेची वाट पाहा लागते. ते बिचारी रोवणीवरून चिखलानं भरून येते, अन् मंग मले कपडे घालून देते. बाईमाणसानं अंगावरच्या कपड्यासाठी कोनाची वाट पाहावं का? मंडईले बी जात नाही मी आता. गाऊन घालून कोनी मंडईत जाते का?"

दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा केशरबाईंनी लकव्याआधी कधी चुकवली नव्हती, असं चंद्रकांताबाई हळूच म्हणाल्या.

ताई परत आल्या आणि पुन्हा शिवायला बसल्या. हुक गेले, पुढे आणि खांद्यावरही दाबली की चिकटणारी वेलक्रोची पट्टी आली. पट्टी अंगाला टोचते असं एका बाईने कमेंटमध्ये लिहिलं, म्हणून तिच्याखाली मऊ सुती अस्तर आलं. प्रत्येक बदल ताई माझ्यासमोर दाखवायच्या आणि विचारायच्या, "आता जमन का?"

आसगावच्या मंडईच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. केशरबाईंनी ब्लाउज घेतला आणि खोलीत गेल्या.

"आता कोनी आत येऊ नोका," असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर थांबलो. आतून पट्टी उचकटल्याचा चर्र आवाज आला. मग काहीच नाही. मग काहीतरी खाली पडलं. चंद्रकांताबाईंचा हात दाराकडे गेला, तो ताईंनी हलकेच धरला. पुन्हा एकदा चर्र. बराच वेळ गेला.

मग दार उघडलं.

"ब्लाउज झाला माहा," केशरबाई म्हणाल्या. "आता साडी तेवढी नेसवून दे. चाल लवकर, मंडई सुरू झाली असन."

चंद्रकांताबाईंनी सवयीने खांद्यावरची पट्टी सारखी करायला हात पुढे केला. ती नीट बसलेलीच होती. त्यांनी हात मागे घेतला आणि त्या साडी आणायला आत पळाल्या.

त्या ब्लाउजची पेपर कटिंग ताईंनी चॅनलवर ठेवली, आणि ती खरंच लोकांच्या उपयोगी पडली. पहिल्या काही दिवसांतच एकीने कळवलं, की प्रिंट लहान निघाली आणि ब्लाउज आखूड झाला. ताईंनी लगेच कटिंगच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला. आधी तो टेपने मोजा, बरोबर आला तरच कापड कापा, असं त्यावर लिहिलं.

काम वाढलं तसा चांगल्या कॅमेऱ्याचा नवा फोन आला. आता पायलीत तो उभा राहतो. मी पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलो. माझी बॅटरी फुगली, पाठ उघडली. माझे दिवस संपले असं मला वाटलं. पण ताईंनी बॅटरी बदलून घेतली. जो नंबर बायांकडे आहे तो माझ्यातच होता, म्हणून तो त्यांनी माझ्यातच ठेवला. आता व्हिडिओ नवा फोन काढतो आणि मी प्रश्न ऐकतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमची काच पुसत जा, आम्हाला उन्हात टाकून ठेवू नका, आणि नवा आला की जुन्याला लगेच भंगारात घालू नका. आणखी एक मागणं आहे. आमच्यासमोर तुम्ही खुशाल बोला, पण पलीकडून कोणी काही विचारत असेल तर ते वाचायचं राहू देऊ नका.

काल दुपारी मी वाजलो. मनकर्णाबाई नावाच्या आजी होत्या. त्यांच्या नातीचा उजवा हात जन्मापासून लहान आहे, आणि शाळेचा ड्रेस ती आता एकटीने घालीन म्हणते.

"तुम्ही सांगा, कसा शिवाचा," आजी म्हणाल्या.

उर्वशीताईंनी कात्री बाजूला ठेवली.

"आजी, फोन तिच्याजवळ द्या," त्या म्हणाल्या. "तिलेच विचारते."