डॉट कॉमवरचा दगड

अंबूबाईंना त्यांचं नाव परत मिळालं नाही. ते कधी गेलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण लोहगडवाडीत स्वतः अंबूबाईही तसंच धरून चालल्या आहेत.

"उम्या, ह्या बाईला आधी पूस," त्या म्हणाल्या. बोट मोबाइलमधल्या त्यांच्याच फोटोवर होतं.

फोटो त्यांचा पुतण्या उमेश यानेच काढलेला. डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ, हातात टम्म फुगलेली तांदळाची भाकरी, मागे गड. खाली पूर्वी लिहिलेलं असे, 'पिठलं-भाकरी आणि मुक्कामाची सोय'. आता लिहिलं होतं, 'तीन पत्ती खेळा, घरबसल्या जिंका'. भाकरी तशीच होती.

"पुसता येत न्हाई काकी. साइट आता आपली न्हाई."

"नाव कुणाचंय?"

"तुजं."

"फोटो?"

"तुजाच."

"मंग आपली न्हाई म्हंजी कुणाची?"

उमेश लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर बसतो. लोकांना खोली नाही हे गोड शब्दांत सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण इथे त्याने मोबाइल उलटा करून ठेवला.

झालं होतं ते साधं. होळीनंतर गडावर येणारे आटतात. वाडीतले लोक टपऱ्या उतरवतात, बांबू घरी नेतात आणि जागेवर चुलीतला एक दगड ठेवतात. दगड असला की जागा त्या माणसाची. पावसाळ्याला यायचं, दगड सरकवायचा, चूल मांडायची. शेजारच्या टपरीचे रखमाजी पाय मोडून दोन वर्षं घरी बसले, तेव्हा त्यांच्या दगडापाशी अंबूबाईंनी कुणाला बूड टेकू दिलं नव्हतं. त्यामुळे शिमग्याच्या सुमारास 'तुमच्या नावाची मुदत संपत आहे' असे मेल येऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात कोण फिरकतंय, सीझनला पैसे भरू. उमेशलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. तोही वाडीतलाच.

सीझनला भरायला गेले, तर काकींच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी घेऊन, वर त्यांचा जुना फोटोही लावून, दुकान थाटून बसलेलं.

"फोन लाव त्याला."

"नंबर न्हाई. नावबी झाकलंय. खासगी माहिती म्हून तसा नियमच हाय."

"माजं त्वांड चव्हाट्यावर, अन् त्याचं नाव झाकलेलं."

त्यात पुन्हा पत्ते. अंबूबाईंच्या नवऱ्याने पत्त्यांपायी बैलजोडी घालवली आणि मग तोही गेला. तेव्हापासून त्यांच्या टपरीत कुणी पत्ते पिसले तर त्याला चहासुद्धा मिळत नाही. पुण्याच्या एका शाळेची सहल मुक्कामाला यायची होती. शाळेच्या बाईंनी साइट पाहिली, "मुलींना घेऊन यायचंय हो," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी राजेश्वरी मॅडम आल्या. त्या वकील, लोणावळ्यात तुंगार्लीला बंगला, आणि दर पावसाळ्यात इथलं पिठलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मावशी, याची जागतिक व्यवस्था आहे," त्या म्हणाल्या. "अमेरिकेत एक संस्था आहे. ती सरकारी नाही, कंपनीही नाही. जगातलं कुणीही तिच्या बैठकीला जाऊन बसू शकतं."

"गावसभाच की. मंग सांगा तिला."

"ती भांडणं सोडवत नाही, नियम ठरवते. डॉट कॉमची नोंद ठेवणारी कंपनी वेगळी. नावं विकणारी दुकानं वेगळी. निवाडा करणारे पंच आणखी वेगळे."

"तलाठी, सर्कल, प्रांत," चहा घेत बसलेले रखमाजी समाधानाने म्हणाले. जग त्यांना पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं.

"पंचांना काय सांगायचं?" उमेशने विचारलं.

"नाव धंद्यात तुमचं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं. ट्रेडमार्क केलाय का?"

"तिला सारं मावळ अंबूबाई म्हणतंय," रखमाजी म्हणाले. "सही देतो मी."

मॅडम हसल्या नाहीत. "मांडता येईल. पण नुसती फीच लाखाच्या पुढे. आणि पंच विचारतील, मुदत जाऊ का दिली?"

"जाऊ कुटं दिली? दगड हाय की जाग्यावर."

"तिथे दगड धरत नाहीत, मावशी."

अंबूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "साऱ्या जगाची सभा म्हंता, अन् बाई जरा माघारी वळली तर तिचं दार जुगाऱ्याला द्येता. रखमाजीचा दगड म्या दोन वरीस राखला. मला कुणी नियम शिकवला न्हवता."

रखमाजी स्वतःच्या टपरीकडे बघत राहिले.

"लिही उम्या," त्या म्हणाल्या.

"काकी, तितं असला अर्ज घेत न्हाईत."

"घ्यायचं का न्हाई त्ये त्यांच्याकडं. तू लिही."

उमेशला अर्जाची एकच भाषा येत होती, वडगावच्या तहसील कचेरीतली. त्याच भाषेत त्याने लिहिलं:

'सबब विनंती की, सदर जागी अर्जदाराचा दगड आजमितीस कायम असून त्याची समक्ष पाहणी व्हावी. पाहणीस येणाऱ्या साहेबांनी शनिवार-रविवार टाळावा, गर्दी असते. समोरील इसम जगात जेथे असेल तेथून त्यास उठविण्यात यावे. नावाच्या निकालास विलंब लागणार असल्यास हरकत नाही; परंतु फोटोतील बाई त्या ठिकाणी स्वखुशीने बसलेली नसल्याने तिला भाकरीसह तात्काळ घरी पाठविण्याची तजवीज व्हावी.'