उसनं चालणं

फोन "शाब्बास, आजोबा" म्हणाला तेव्हा फरशीवाला तस्तात थुंकत होता. बेडका चिकट, पिवळट. तार धरून ओठाला लोंबत राहिला. त्याने ती तार बोटाने तोडली, बोट फडक्याला पुसलं, आणि फडक्याकडे बघून त्याला पुन्हा शिसारी आली.

फोन बोलत होता बाईच्या आवाजात, स्वयंपाकघरातून, त्याच्या बायकोच्या खिशातून.

"आता खांदे सैल सोडा. मेणबत्तीवर फुंकर घालतोय असं समजून श्वास हळू सोडा. तुमचा मला अभिमान वाटतो."

"अभिमान वाटतोय बरं तिला," बायको हातात झाडू घेऊन दारात आली. "निदान तोंड तरी धुवा."

"तिला म्हणावं, चुलीत जा."

"मीच जातेय चुलीशी. तिलाही नेते."

जन्मभर त्याने लोकांच्या घरच्या फरश्या घासल्या होत्या. फरश्या आरशासारख्या झाल्या आणि त्यांची भुकटी त्याच्या छातीत जाऊन बसली. दवाखान्याने हवेचं मशीन घरी वापरायला दिलं ते एका अटीवर. रोज फोन सांगेल तसा व्यायाम करायचा. फोन खिशात ठेवून चालायचं, मग बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावायचा. आकडे आपोआप दवाखान्यात पोचतात. जो करणार नाही त्याचं मशीन रांगेतल्या पुढच्या माणसाला.

सुरुवातीला त्याने केलं. पण चाललं की कफ सुटायचा आणि त्याची चव दिवसभर जिभेवर राहायची. त्याहून ओंगळ वाटायचा तो आवाज. एकदा तोल जाऊन तो खाटेच्या पायाला मिठी मारून बसला, आणि खिशातून ती बाई म्हणाली, "खूप छान! असंच चालू द्या." त्याने फोन गादीवर भिरकावला. बायकोने तो उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"नाहीतरी मी दिवसभर घरात चकरा मारतेच. तुमच्या नावावर मारीन. मशीन गेलं तर काय मी फुंकून फुंकून हवा देऊ तुम्हाला?"

तेव्हापासून असंच चाललं होतं. आवाज सांगेल तसं ती चालायची, खुर्चीत उठबस करायची, शेवटी चिमटा स्वतःच्या बोटाला लावायची. "घोडं मी, बक्षीस यांना," म्हणायची. आणि तो नाकात नळी घालून आयत्या बिळावरच्या नागोबासारखा पडून राहायचा. कधीकधी त्याला स्वतःचा वीट यायचा. मग तो तिच्यावर खेकसायचा; तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्या दुपारी ती धुणं वाळत घालायला मागच्या अंगणात गेली होती. फोन खाटेवर वाजला. दवाखान्यातली व्यायामाची बाई होती, खरीखुरी.

"आजोबा, चालणं नेमाने होतंय हं. पहिल्या महिन्यात तर आम्ही चाटच पडलो. तुमच्या छातीच्या मानाने इतके चांगले आकडे!"

"हं."

"पण आता उलटं दिसतंय. व्यायाम तोच, आणि झाल्यावर ऑक्सिजन खाली येतो. दर आठवड्याला जरा आणखी. चालताना मध्येच थांबताही फार. दम लागतो का?"

खिडकीतून अंगण दिसत होतं. बायकोने चादर दोरीवर टाकली आणि दोन्ही हातांनी दोरी धरून, मान खाली घालून, ती तशीच उभी राहिली. कुणाची तरी वाट बघत असावी तशी. मग वाकून तिने पुढचा कपडा घेतला आणि पुन्हा दोरी धरली.

असं उभं राहिलेलं त्याने तिला पाहिलं होतं. ओट्याशी, जिन्यात, दाराच्या चौकटीला टेकून. कालच तो ओरडला होता, "पाणी आणायला गेलीस की विहीर खणायला?"

याच अंगणात ती पूर्वी रोज संध्याकाळी त्याचे कामावरचे कपडे झटकायची. शर्ट, विजार, टोपी. पांढरा लोट उठायचा. ती तोंड फिरवून खोकायची आणि हसायची, "अर्धं घर घेऊन येता रोज." तो तोवर आत साबण लावून अंघोळ करत असायचा, स्वच्छ होत असायचा.

त्याने तस्त जवळ ओढलं, पण या वेळी तोंडातून काहीच पडलं नाही.

"आजोबा? ऐकताय ना? असंच राहिलं तर दाखल करावं लागेल."

खाटेशेजारी मशीन घरघरत होतं. त्याने नाकातली नळी उगाच नीट केली.

"व्यायाम न करणाऱ्याचं मशीन तुम्ही नेता ना?" त्याने विचारलं.

"नियम तसा आहे. पण तुम्हाला कशाला काळजी? तुम्ही तर करता."

"ते आकडे माझे नाहीत, बाई."

"म्हणजे?"

"तो दम माझा नाही. थांबा जरा. ठेवू नका."

त्याने पेला खिडकीच्या गजावर वाजवला. बायको आत आली. ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली आणि चौकट धरली.

"आले ना. काय... आग लागलीय का?"

"बस आधी."

"कपडे राहिलेत अजून."

"राहू देत."

त्याने पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली. ती बसली नाही. ओल्या हातांकडे, मग त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"कुणाचा आहे?"

"दवाखान्यातून."

"मग तुमचाच की. मला कोण फोन करतंय?" ती म्हणाली, आणि एवढंच बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"घे," तो म्हणाला. "तुझाच आहे."