आधी बूट दाखवा

मी झडप बोलतेय, बाहेर कोण आलंय ते आतून बघायची. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या गोदामाच्या लोखंडी दाराला बसवलेली, वीतभर उंच, हातभर रुंद. संशय घेणं हेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. लाजायचं काय त्यात?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रविवारी दुपारी आत पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे. बाहेर कळलं की पोलीस, पेपरात नाव, नोकरी खलास. म्हणून दारावरचा रामिरो मला सरकवून आधी म्हणायचा, "दोन पावलं मागे हो राजा, बूट दाखव." पातळ तळव्याचे म्हणजे नाचणारा. जाड तळव्याचे म्हणजे पोलीस.

रेकॉर्ड लावायचा लूथर. एरवी शाळेत गणित शिकवायचा. एकच गाणं दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लावून ड्रमचा तुकडा इतका लांबवायचा, की माझे खिळे सैल व्हायचे.

एकदा जाड तळव्याचा एक सूटवाला आला.

"रेकॉर्ड कंपनीचा आहे हो. रेडिओवाले हे गाणं घेत नाहीत. तुमच्या लोकांना आवडतंय का बघा ना."

"रेकॉर्ड आत, तू बाहेर," रामिरो म्हणाला.

रेकॉर्ड माझ्यातून तिरकी आत गेली. लूथरने ती तीनदा वाजवली. "परत लाव रे, मास्तर!" असा नुसता कल्लोळ. सूटवाला दाराला कान लावून उभा.

दोन महिन्यांत ते गाणं रेडिओवर, दुकानांत, लग्नांत. आमचं नाव कुठेच नाही.

मग तो परत आला. पायांत नवेकोरे, पातळ तळव्याचे बूट.

"आभार मानायला आलोय."

"आता आपल्यातलाच झालास की!" रामिरो विरघळला. मला बंद करून दार उघडायची आमची रीत. मी अडकले. मुद्दाम म्हणा हवं तर. शिव्या घालत रामिरो वाकला आणि माझ्यातून त्याला भिंतीला चिकटून उभा असलेला कॅमेरावाला दिसला.

"हा कोण?"

"एकच फोटो! हे गाणं पहिल्यांदा गाजलं ती जागा..."

"आमच्या मास्तराला उद्या वर्गात उभं राहायचंय, शहाण्या!"

तेव्हा मात्र मी खाडकन बंद झाले.

आज गोदामात महागडी घरं आहेत. रामिरो राहिला नाही. मी निवृत्त लूथरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. परवा डिस्कोवर पुस्तक लिहिणारी एक मुलगी आली. "तुमचं नाव छापू का?" तिने लूथरला भीत भीत विचारलं.

"छाप. पूर्ण छाप. रामिरोचंही. शाळा सुटली आता."

तिचे बूट मी पाहिलेच नाहीत. बुटांवर माझा विश्वास उरलेला नाही. ती काय छापते, ते बघणार आहे. आणि तुम्ही? नाचा खुशाल त्या गाण्यांवर. पण ती कुणाच्या दारातून बाहेर आली, ते सांगाल ना? मला अजून शंकाच आहे.