डुगडुगता पाट

सन त्रेचाळीसच्या माघात माझे दाजी तातेराव हळद शिजवायच्या कढईपाशी छाती धरून कोसळले. हिंगोलीहून डॉक्टर अजीज टांग्यानं आले. नळी लावून तपासलं आणि म्हणाले, हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा मेला आहे. बेचाळीस दिवस उताणं निजायचं. कूस बदलायची तीही दुसऱ्याच्या हातानं.

माझी बहीण चतुराबाई म्हणाली, उरलेलं तर चालू आहे ना? मग डॉक्टरांनी नीट समजावलं. मेलेला तुकडा उचलायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. काम चांगलंच, पण जोशात त्या शेजारच्या धड मांसालाही चावतात. त्यामुळं भिंत ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास तर फारच. तेव्हा उठून बसलं तर ती फुटेल. पुढं हळूहळू तिथं घट्ट वण धरतो.

"म्हंजे समाचाराला येनाऱ्या मंडळीवानी," चतुरा म्हणाली. "येतेत मदतीला अन् घर खाऊन जातेत."

हे बोलताना ती माझ्याकडं काहून बघत होती कोण जाणे. मला येऊन तीनच दिवस झाले होते.

तिनं सगळ्या गावाला दारातूनच परत लावलं. पण नेमकी दहाव्या दिवशी कनेरगावाहून उकंडरावांची बैलगाडी आली. उकंडराव म्हणजे दाजींचे व्याही, लेकीचे सासरे. आमच्या बोलण्यात इवाई. लग्नाच्या पंगतीत त्यांना नेमका डुगडुगता पाट मिळाला होता. त्यावर गृहस्थ भरल्या मांडवात म्हणाले, या घरी पुन्हा बसणार नाही. सात वर्षं झाली, नातवाच्या बारशालासुद्धा ते खांबाला टेकून उभेच होते.

आताही ते खाटेपाशी येऊन उभे राहिले. मी हात जोडले, बसा म्हणालो. म्हणाले, बोललो ते बोललो. त्यांची मिशी धरून खाली ओढावं असं फार वाटलं.

इकडं दाजी उशाशी पटका चाचपू लागले. मी हृदयाच्या भिंतीची आठवण करून दिली.

"फुटू दे, संतराम," ते म्हणाले. "इवाई उभे अन् म्या पसरलेलो? लेकीला सासरी काय तोंड ऱ्हाईल?"

एक कोपर त्यांनी खाली रोवलंही. मला रडूच फुटलं. या हट्टी माणसावर आपला इतका जीव आहे, हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं.

तेवढ्यात चतुरानं दुसरी खाट ओढत आणली, दाजींच्या खाटेला लावली, वर वाकळ अंथरली आणि डोईवरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "इवाईबुवा, बसू नका. निजा."

उकंडरावांनी विचार केला. आपण निजण्याबद्दल काही बोललो होतो का, हे बहुधा आठवून पाहिलं. मग जोडे काढले आणि पटक्यासकट उताणे झाले. दाजींचं कोपर हळूच खाली आलं.

दोघं व्याही आढ्याकडं बघत पडले. मी पेशींची सगळी हकिगत सांगितली. त्यांचं पुढं काय होतं, असं उकंडरावांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते तेच मी सांगितलं, की बहुतेक तिथंच, काम करता करता मरतात.

उकंडरावांनी निजल्या निजल्या पटका सारखा केला. मग म्हणाले, "अन् एकीनंबी इचारलं न्हाई, मला पाट कोनता ठेवला म्हून."

ते राहिलेच. जेवायला ताट घेऊन शेजारच्या खाजा मियांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि परत येऊन आडवे होत. डॉक्टर पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी आधी उकंडरावांचीच नाडी धरली आणि प्रकृती झपाट्यानं सुधारते आहे म्हणून चतुराची पाठ थोपटायचे बाकी राहिले.

बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी खऱ्या रोग्याला तपासून सांगितलं, वण घट्ट धरला. आम्ही दाजींना धरून बसवलं. उकंडराव पडल्या पडल्या बघत होते. दाजी सावरले तसे तेही उठले, पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर बसले आणि आत्ताच आल्यासारखा त्यांनी रामराम घातला. दाजींनी दोन्ही हातांनी तो घेतला. आमच्यापैकी कुणाचेच डोळे कोरडे नव्हते.

चतुरानं पानं वाढली. उकंडरावांना पाट ठेवला तो तोच. मी घाबरून तिच्याकडं पाहिलं. उकंडराव बसले. पाट एकदा डावीकडं गेला, एकदा उजवीकडं.

"बराबर हाये," ते म्हणाले. "वाढा."